रेपर्टरीत औषध शोधणं: बेरीज किती, विचार किती?

मालवगंधा (इंदूर)

सर्दी-खोकल्याच्या धाग्यावर कुणीतरी विचारलं होतं की होमिओपॅथ मंडळी ते जाडजूड पुस्तक उघडून नक्की काय शोधत असतात. तिथे उत्तर लांबलं असतं, म्हणून वेगळा धागा काढते आहे. माझा दवाखाना सुदामा नगरात आहे. कॉलेजमधून शिकायला येणाऱ्या मुलांशी या विषयावर कायम बोलणं होतं, आणि त्यांच्या शंका फार खऱ्या असतात.

होमिओपॅथीत दोन जातींची पुस्तकं लागतात. मटेरिया मेडिकात औषध उघडायचं आणि त्याची लक्षणं वाचायची. रेपर्टरीत याच्या उलट: लक्षण उघडायचं, त्याखाली ते लक्षण ज्या औषधांत नोंदलं गेलं आहे त्यांची संक्षिप्त नावं असतात. लक्षणाच्या त्या ओळीला रुब्रिक म्हणतात. एखाद्या रुब्रिकमध्ये दोनच औषधं, एखाद्यात दीडशे.

ही गरज होमिओपॅथीचा जनक हानेमान याला अगदी सुरुवातीलाच भासली होती. १८०५ सालच्या त्याच्या लॅटिन ग्रंथाचा दुसरा भाग म्हणजे पहिल्या भागातल्या लक्षणांची सूची आहे. स्वतंत्र, रोजच्या कामात वापरता येईल अशी छापील रेपर्टरी मात्र १८३२ साली बोनिंगहाउसेनने दिली. हा माणूस कायद्याचा पदवीधर, म्युन्स्टरच्या वनस्पती-उद्यानाचा संचालक. वैद्यकाची पदवी नव्हती, तरी त्याच्यासारखी शिस्त नंतर फार थोड्यांना जमली. अमेरिकेत केंटची रेपर्टरी १८९७ पासून छापली गेली आणि आज आपल्याकडच्या कॉलेजांत पहिल्यांदा हातात पडते ती तीच. सदतीस प्रकरणं: 'मन'पासून सुरुवात, मग चक्कर, डोकं, डोळे असं खाली उतरत हातपाय, झोप, थंडी, ताप, घाम, त्वचा, आणि शेवटी 'जनरॅलिटीज', म्हणजे संपूर्ण माणसाला लागू पडणाऱ्या गोष्टी. औषधांची नावं तीन प्रकारच्या टायपात: ठळक अक्षराला तीन गुण, तिरप्याला दोन, साध्याला एक. ठळक म्हणजे बहुतेक परीक्षणकर्त्यांत (निरोगी असताना औषध घेऊन लक्षणं नोंदवणाऱ्यांत) दिसलेलं, पुन्हा पडताळलेलं आणि रुग्णांतही खरं ठरलेलं. साधं म्हणजे अधूनमधून आढळलेलं.

आता मला जे सांगायचं आहे ते. रेपर्टरी उमेदवार पुढे करते, निवड करत नाही. निवड करायला तिला एक गोष्ट माहीत असावी लागते जी तिच्यात छापलेलीच नाही: समोरच्या माणसात हे लक्षण किती वेगळं आहे.

एक उदाहरण घेऊ. समजा, साठीच्या एक बाई येतात, गुडघे दुखतात. 'गुडघेदुखी' हे रुब्रिक उघडलंत तर औषधांचा मोठा थवा मिळेल आणि त्याचा काही उपयोग नाही, कारण दुखणारे गुडघे अर्ध्या वेटिंग रूमला आहेत. बाई पुढे म्हणतात, "बसून उठले की पहिली चार पावलं जीव जातो, मग चालत राहिले की मोकळं वाटतं." आता जनरॅलिटीजमध्ये जायचं. 'हालचालीच्या सुरुवातीला वाढतं' इथे ऱ्हस टॉक्स, पल्सटिला, फेरम, लायकोपोडियम, कोनियम, कॅप्सिकम अशी नावं येतात. 'सतत हालचालीने बरं' हे त्यावर ठेवलं की ऱ्हस टॉक्स आणि पल्सटिला ठळकपणे पुढे राहतात. गुणांची बेरीज इथे दोघांना जवळजवळ सारखंच माप देते. इथून पुढे पुस्तक मिटायचं आणि बाईंकडे बघायचं. शेक दिला की बरं वाटतं, पावसाळी ओल सोसत नाही, रात्री अंथरुणात कूस बदलत राहतात? पारडं ऱ्हसकडे. बंद गरम खोलीत गुदमरतं, खिडकी उघडली की जीवात जीव येतो, उन्हाळ्यातही पाणी प्यायची आठवण होत नाही? मग पल्सटिला वाचायला घ्यायचं, मटेरिया मेडिकातून, पूर्ण.

प्रश्न, शंका, विरोध, सगळं येऊ द्या.

होमिओ_विद्यार्थी (इंदूर)

मॅडम, अगदी वेळेवर धागा काढलात. आमच्या वर्गात सगळ्यांची एकच अडचण आहे. केस घेतो, पंधरा-वीस रुब्रिक काढतो, सॉफ्टवेअरमध्ये टाकतो आणि वर येतं सल्फर. सल्फर नाही तर लायकोपोडियम, ते नाही तर नक्स व्होमिका किंवा फॉस्फरस. केस कुणाचीही असो, पहिल्या पाचांत हीच मंडळी. सर म्हणतात रुब्रिक चुकले. पण दर वेळी चुकतात का? वीसऐवजी तीस घेतले तर सुधारेल का?

मालवगंधा

वाढवले तर आणखी बिघडेल. का, ते बघा.

सल्फर, कल्केरिया, लायकोपोडियम ही औषधं सुरुवातीच्या काळात तपासली गेली, भरपूर लोकांवर, आणि नंतर दोनशे वर्षं सगळ्यांनी सर्वांत जास्त तीच दिली. म्हणून त्यांची लक्षणं सर्वांत जास्त नोंदली गेली. ती रुब्रिकांत सर्वत्र आहेत. तुम्ही जितकी साधी, सर्वांना असणारी रुब्रिक घ्याल तितके त्यांचे गुण वाढत जातील. एखादं छोटं औषध, जे मोजक्याच लोकांवर तपासलं गेलं, ते वीस रुब्रिकांपैकी तिनातच असेल, पण त्या तिनांत ते एकटंदुकटं असेल. बेरजेत ते तळाशी जातं.

ऑर्गेनन, म्हणजे हानेमानचा मूळ सिद्धांतग्रंथ, त्यातलं १५३वं कलम परत काढून वाचा. विलक्षण, ठळक, असामान्य आणि त्या रुग्णाचीच अशी लक्षणं घ्या, असं हानेमान तिथे स्पष्ट सांगतो. भूक मंदावणं, डोकं दुखणं, अशक्तपणा, झोप नीट न लागणं ही अस्पष्ट लक्षणं तो बाजूला ठेवायला सांगतो. तापात तहान लागणारच. अंग भट्टीसारखं तापलंय आणि रुग्ण पाण्याला तोंड लावत नाही, हे रुब्रिक म्हणून घ्यायच्या लायकीचं. केंटमध्ये 'जठर' प्रकरणात तहान नसण्याखाली 'तापात' म्हणून ते आहे.

माझी पद्धत सांगते. केस लिहून होईपर्यंत रेपर्टरी उघडायची नाही, स्क्रीनवरही नाही. आधी उघडली की आपण रुग्णाला ऐकणं सोडून रुब्रिकमध्ये बसेल असं त्याच्याकडून वदवून घेतो. "मिठाचं खाणं आवडतं का हो?" विचारलं की "हो, आवडतं" येतंच. लिहून झालं की पूर्ण केस वाचायची आणि ज्या गोष्टीपाशी आपण थबकलो त्यांच्याखाली रेघ मारायची. बहुधा तीन-चार रेघा पडतात. तेवढ्यांचीच रुब्रिक काढायची. त्यातही दोन तरी संपूर्ण माणसाची हवीत: थंडी-ऊन, तहान, झोप, कशाने बरं, कशाने वाढतं. आजाराच्या नावाचं रुब्रिक शेवटी, पडताळा म्हणून.

लष्करवासी (ग्वाल्हेर)

मी वैद्यकातला नाही. संख्याशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. होमिओपॅथीवर माझा विश्वास नाही हे आधीच सांगतो, म्हणजे गैरसमज राहणार नाही. १२ सीच्या (म्हणजे बारा वेळा शंभरपट पातळ केलेल्या औषधाच्या) पुढच्या शक्तीत मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळजवळ नसते, आणि ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय वैद्यक संशोधन परिषदेने २०१५ साली उपलब्ध अभ्यास तपासून निष्कर्ष काढला की एकाही आजारासाठी होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा भरवशाचा पुरावा नाही. तो मुद्दा माझ्या दृष्टीने मिटलेला आहे.

तरीही हा धागा मी दोनदा वाचला, कारण वरचा सल्फरचा प्रश्न शुद्ध संख्याशास्त्राचा आहे आणि मालवगंधाताईंचं उत्तर त्याच्या फार जवळ पोचलं आहे.

रुब्रिकमध्ये औषधाला ठळक अक्षर मिळतं ते 'किती वेळा नोंद झाली' यावरून. हा निरपेक्ष आकडा झाला. जे औषध हजार जणांना दिलं त्यात कुठलंही लक्षण जास्त वेळा नोंदलं जाणार, जे पन्नास जणांना दिलं त्यात कमी. विचारायला हवं ते असं: या औषधाने ज्यांना बरं वाटलं त्यांच्यात हे लक्षण किती टक्के, आणि बाकी सगळ्या रुग्णांत किती टक्के? पहिल्या टक्क्याला दुसऱ्याने भागायचं. उत्तर एकच्या आसपास आलं तर त्या लक्षणाने काहीच सांगितलं नाही, अक्षर कितीही ठळक असो. उत्तर चार-पाच आलं तर लक्षणाला वजन आहे. निदानशास्त्रात हे गुणोत्तर रोज वापरतात, त्याला लाइकलिहुड रेशो म्हणतात. तुमच्याच क्षेत्रातल्या, हॉलंडच्या लेक्स रुटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली नेमकं हेच मांडलं की रेपर्टऱ्यांची रचना या गुणोत्तरावर नव्याने व्हायला हवी. होमिओपॅथांनी स्वतःच्या साधनावर इतकी कठोर टीका केलेली पाहून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

आता इंदूरचं उदाहरण. ताईंनी मिठाचा उल्लेख केलाच आहे. 'खारट खाण्याची इच्छा' हे रुब्रिक कुठे तरी युरोप-अमेरिकेत जमलेल्या नोंदींवर उभं आहे. तुमच्या गावात सकाळी पोह्यांवर शेव आणि जिरावण, दुपारी नमकीन, रात्री सराफ्यात पुन्हा तेच. तिथे 'खारट आवडतं' म्हणणारे किती टक्के असतील? त्या लक्षणाचं वजन इंदुरात शून्याजवळ जाणार. पुस्तकात मात्र नेट्रम म्युर या औषधाला तिथे पूर्ण तीन गुण मिळत राहणार.

मालवगंधा

सर, मनापासून आभार. विश्वास नसताना इतक्या नेटाने वाचून लिहिलंत.

औषध काम करतं की नाही हा वाद या धाग्यावर मी लढवणार नाही. तुम्ही दिलेला ऑस्ट्रेलियाचा निष्कर्ष खरा आहे आणि वाचणाऱ्यांना तो माहीत असायला हवा. त्याचबरोबर एक गोष्ट ठामपणे लिहून ठेवते: छातीत दुखणं, धाप लागणं, न उतरणारा ताप, लहान मुलाचं सुस्त पडणं, कुठूनही रक्त जाणं, यात रेपर्टरी उघडायची वेळच नसते, सरळ एम. वाय. किंवा जवळचं मोठं रुग्णालय गाठायचं. मधुमेहाच्या माणसाने इन्सुलिन माझ्या गोळ्यांसाठी थांबवलं तर मी त्याला परत पाठवते.

मिठाचा मुद्दा तुम्ही फार नेमका पकडलात. माझ्याकडे 'खारट आवडतं' हे मी लक्षण म्हणून घेतच नाही. ताटात पुरेसं मीठ असताना वरून मीठ घेणारा, कैरीशिवाय नुसतं मीठ चाटणारा माणूस आला तरच रेघ मारते. तसंच 'गोड आवडतं'चं. जिलेबीच्या गावात त्याला काय वजन द्यायचं? आणि तिखट तर विचारूच नका. उलट बाजूने, इथे राहून तिखट-खारट दोन्ही नकोसं वाटणारा माणूस भेटला तर मी थबकते.

म्हणजे वेगळेपण हे त्या गावाच्या, त्या घराच्या पार्श्वभूमीवर ठरतं. एकत्र कुटुंबात वाढलेल्या बाईला एकटं राहायला भीती वाटते, आणि सतरा वर्षं हॉस्टेल-नोकरी करून एकटा राहिलेल्या माणसाला अचानक सोबत हवीशी वाटू लागते, ही रुब्रिकमध्ये एकच ओळ आहे. वजन वेगळं आहे. हे कुठल्याही छापील गुणात बसत नाही. शेजारपाजार, खाणंपिणं, बोलण्याची रीत माहीत असलेला डॉक्टरच ते देऊ शकतो.

छत्रीबाग (इंदूर)

चर्चा केंटभोवतीच फिरते आहे म्हणून बोनिंगहाउसेनची बाजू मांडतो. चाळीस वर्षांहून जास्त काळ मी त्याचीच पद्धत वापरतो आहे.

१८४६ सालचं त्याचं पॉकेटबुक केंटच्या पुढे अगदी सडपातळ दिसतं. त्याची मांडणी वेगळी. त्याच्या मते लक्षण पूर्ण व्हायला चार अंगं लागतात: कुठे, कसं, कशाने वाढतं-कमी होतं, आणि त्याच्या जोडीला दुसरं काय होतं. रुग्ण ही चारही अंगं एकाच तक्रारीत सांगत नाही. डोकेदुखीत कमी-जास्त सांगतो, पाठदुखीत फक्त जागा सांगतो. बोनिंगहाउसेन म्हणतो, एका जागेचं वाढणं-कमी होणं दुसऱ्या जागेलाही लागू धरा, कारण आजारी तो माणूस आहे, सुटा अवयव नाही.

केंटने याच्यावर कडाडून टीका केली आणि त्याचा मुद्दा पोकळ नव्हता. आर्सेनिकचा रुग्ण गोधडीत गुंडाळलेला असतो, पण डोकं दुखताना तेच डोकं त्याला गार हवेत हवं असतं. फॉस्फरसचं डोकं आणि जठर गारव्याने सुखावतं, छाती गारव्याने बिघडते. सगळं एकत्र केलं की अशी औषधं हातातून निसटतात.

माझं म्हणणं, दोन्ही पुस्तकं दोन वेगळ्या रुग्णांसाठी आहेत. मनमोकळं बोलणारा, स्वतःबद्दल भरभरून सांगणारा रुग्ण केंटला मानवतो. शेतकरी, हमाल, गवंडी, "इथं दुखतं, उन्हात वाढतं, बस" एवढं सांगून गप्प होणारा, त्याच्यासाठी बोनिंगहाउसेन. त्याच्याकडून मनाची लक्षणं काढायच्या मागे लागलात तर त्याला अपमान वाटतो आणि तुमच्या हाती कल्पनाच येतात. पुढे अमेरिकेत बोगरने या दोन परंपरांना जोडायचं काम केलं. विद्यार्थ्यांनी त्याच्याकडे जावंच.

आणि आपल्या मराठी माणसाचा उल्लेख अजून कुणी कसा केला नाही? मुंबईचे डॉ. शं. र. फाटक. मूळचे ॲलोपॅथीचे पदवीधर, नंतर पूर्णपणे होमिओपॅथीत आले. त्यांची संक्षिप्त रेपर्टरी १९६३ सालची. प्रकरणंबिकरणं काही नाही, सगळी लक्षणं एका अकारविल्हे क्रमात. बोगरची छाप त्यात स्पष्ट दिसते. नवख्या माणसाला इतकं सोपं साधन दुसरं नाही, आणि मुरलेल्या माणसाला इतकं चटकन उत्तर देणारंही नाही. जगभरच्या होमिओपॅथांच्या टेबलावर ते पुस्तक असतं.

राजवाडा_चौक (इंदूर)

फाटकांच्या उल्लेखाला +१.

माझे काका दवाखान्यात पंच केलेली कार्डं वापरायचे, दिल्लीच्या डॉ. जुगल किशोर यांचा १९५९ सालचा संच. एका रुब्रिकला एक कार्ड. प्रत्येक औषधाची जागा ठरलेली, औषध त्या रुब्रिकमध्ये असेल तर तिथे भोक. चार लक्षणांची चार कार्डं एकावर एक धरून खिडकीकडे करायची. आरपार उजेड जिथून येतो ते औषध चारही रुब्रिकांत आहे. बेरीज नाही, गुण नाहीत, लिहिणं नाही. मात्र एका कार्डात औषध राहून गेलं असेल तर ते कायमचं बाद, म्हणून पहिलं कार्ड कुठलं घ्यायचं यावर काका फार विचार करायचे.

सॉफ्टवेअरबद्दल माझं मत इथल्या काहींपेक्षा वेगळं आहे. १९८० च्या दशकात बेल्जियमच्या नामूर विद्यापीठाच्या मदतीने रडार आलं, अमेरिकेत मॅकरेपर्टरी, मुंबईत डॉ. जवाहर शहांचं होमपॅथ. त्यांनी नुसती गती दिली असं नाही. नव्या रेपर्टऱ्यांत प्रत्येक नोंदीला ती कुणाकडून आली याची खूण जोडलेली असते. ज्यांची नोंद पटत नाही त्या लेखकाला गाळून विश्लेषण करता येतं. छोट्या औषधांना झुकतं माप देणारी, कमी औषधांच्या रुब्रिकला जास्त वजन देणारी गणितंही आहेत. मालवगंधाताई ज्याला विरोध करताहेत ती कोरी बेरीज हा सॉफ्टवेअरमधला फक्त पहिला पर्याय आहे. दुर्दैवाने मुलं तिथेच थांबतात.

मालवगंधा

@राजवाडा_चौक, मान्य. गाळण्याची सोय ही फार मोठी गोष्ट आहे. माझा आग्रह एवढाच की गाळायचं काय हे ठरवायला आधी केस डोक्यात पूर्ण उभी असावी लागते. रुब्रिकला वजन देण्याचं काम मशीनकडे सोपवलं की तिला इंदूर कळत नाही. लष्करवासी सरांनी सांगितलेलं तेच.

@छत्रीबाग काका, कमी बोलणाऱ्या रुग्णाबद्दल तुम्ही लिहिलंत ते छापून भिंतीवर लावावं असं आहे.

विश्वामित्री (वडोदरा)

सगळे प्रतिसाद वाचले. मी दांडिया बाजारात राहते, घरी यजमानांच्या वेळचं बोरिकचं जाड मटेरिया मेडिका आहे, मागे रेपर्टरी जोडलेलं. समासात त्यांनी पेन्सिलीने बारीक अक्षरात बरीच औषधं लिहून ठेवली आहेत, काहींपुढे फुली, काहींपुढे बरोबरची खूण. त्याचा कुणाला उपयोग होईल का? आणि एक विचारू का, नातू रात्री झोपेत करकर दात खातो. बोरिकमध्ये बघितलं तर सिना दिसतं. देऊ का?

मालवगंधा

काकू, आधी नातवाचं. इथे औषध सांगणार नाही, राग मानू नका. न बघितलेल्या मुलाला औषध सुचवणं मला पटत नाही आणि नोंदणीकृत डॉक्टरने ते करूही नये. बालरोगतज्ज्ञांना आणि दातांच्या डॉक्टरांना एकदा दाखवा. मुलांत हे बऱ्यापैकी आढळतं आणि बहुतेकांत वयाबरोबर जातं.

पण तुमच्या प्रश्नावरून सर्वांना उपयोगी पडेल असं सांगते. केंटमध्ये हे 'दात' प्रकरणात आहे, दात खाणे, त्याखाली झोपेत. तिथे सिना आहेच, पण बेलाडोना आहे, पोडोफायलम आहे, बाकीही बरीच आहेत. दात खाणं म्हणजे जंत आणि जंत म्हणजे सिना ही साखळी लोकांच्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे की पुढे कुणी वाचतच नाही. सिनाचं मूल मटेरिया मेडिकात वाचून बघा: चिडकं, अंगाला हात लावू न देणारं, मागितलेली वस्तू दिली की भिरकावणारं, सतत नाकात बोट घालणारं. नातू हसतमुख, कुशीत शिरणारा असेल तर त्या एका ओळीच्या जोरावर सिनापाशी जायचं कारण नाही. एका रुब्रिकवर औषध निवडणं आणि वीस रुब्रिकची बेरीज करून निवडणं, दोन्हींत माणूस बघायचा राहतो.

समासातल्या पेन्सिलीच्या खुणा मात्र सोनं आहे. पुस्तक रद्दीत देऊ नका, आणि आमच्या इंदूरच्या खजुरी बाजारात असतात तशा जुनी पुस्तकं विकणाऱ्यालाही नाही. त्या पानांचे फोटो काढून ठेवा. बरोबरची खूण म्हणजे बहुधा त्यांनी रुग्णात पडताळलेलं, फुली म्हणजे अपेक्षा करून न मिळालेलं. छापील रेपर्टरीत फुलीला जागाच नसते. लागू पडलेलं तेवढंच आत येतं, न लागू पडलेलं कुठेही नोंदलं जात नाही. तुमच्या यजमानांनी दोन्ही लिहिलं, हे फार कमी लोक करतात.

लष्करवासी

काकूंच्या पुस्तकातल्या फुल्यांबद्दल ताईंनी लिहिलं ते वाचून खुर्चीत सरसावून बसलो. अपयशाची नोंद नसलेल्या यादीतून टक्केवारी काढता येत नाही, हीच तर सगळी अडचण आहे. वडोदऱ्याच्या त्या समासात भाजक लपलेला आहे.

ताई, एक सुचवतो. पाच-सहा लक्षणं ठरवा आणि येणाऱ्या प्रत्येक नव्या रुग्णाला ती विचारा, त्याला कुठलंही औषध देणार असलात तरी. हो-नाही एवढंच लिहा. वर्षभरात तुमच्या भागात त्या लक्षणांचं सर्वसाधारण प्रमाण किती आहे ते कळेल. तेवढ्याने औषधाचा गुण सिद्ध होणार नाही, हे मी पुन्हा सांगतो. पण कुठलं रुब्रिक तुमच्या गावात पोकळ आहे ते नक्की कळेल.

होमिओ_विद्यार्थी

सर, मॅडम, मी या नोंदी ठेवायला तयार आहे. माझ्याबरोबर वर्गातली आणखी मुलंही येतील.

आणखी एक अडचण. रुब्रिक ठरलं तरी केंटमध्ये ते सापडत नाही. परवा 'मिठाची इच्छा' शोधायला मी जनरॅलिटीज पूर्ण पालथं घातलं.

मालवगंधा

ते केंटमध्ये 'जठर' प्रकरणात आहे, इच्छा या शीर्षकाखाली. खाण्याच्या आवडी तुम्ही सॉफ्टवेअरमधल्या नव्या रेपर्टऱ्यांत बघता, तिथे त्या जनरल्समध्ये हलवल्या आहेत, म्हणून गोंधळ होतो. उचकीही जठरातच. जंत गुदद्वाराच्या प्रकरणात. छातीची धडधड छातीत, पण नाडी जनरॅलिटीजमध्ये, घेरी येऊन पडणंही तिथेच. गलगंड 'बाहेरचा गळा' या छोट्या प्रकरणात, ज्याकडे कुणाचं लक्षच जात नाही. केस गळणं डोक्यात. दमा 'श्वसन' प्रकरणात, खोकला आणि कफ ही दोन स्वतंत्र प्रकरणं. घामाचं वेगळं प्रकरण असलं तरी तळपायांचा घाम हातपायांत आणि कपाळाचा डोक्यात. पाळीच्या सगळ्या तक्रारी स्त्री-जननेंद्रियांत.

रुब्रिकच्या आतला क्रमही पाठ करून टाका: आधी बाजू, मग वेळ, मग अकारविल्हे कमी-जास्त करणारी कारणं, मग दुखणं कुठे पसरतं, मग नेमकी जागा, आणि वेदनेचा प्रकार सर्वांत शेवटी. वेदनेच्या प्रकाराखाली हाच क्रम पुन्हा पहिल्यापासून. ही चौकट डोक्यात बसली की अंदाजे पान उघडलं तरी चार पानांच्या आत पोचाल. केस नसतानाही रोज थोडं जनरॅलिटीज वाचत जा. रुग्ण समोर असताना शोधायला वेळ मिळत नाही.

लष्करवासी सर, तुमची सूचना मी घेते. लक्षणं ठरवू या. माझ्याकडून ही सहा: वरून मीठ घेणं, तहान अगदी कमी, ढगांच्या गडगडाटाची भीती, पालथं झोपणं, तळपायांची आग होऊन पाय पांघरुणाबाहेर काढणं, आणि कुणी समजूत घातली की जास्त वाईट वाटणं. शेवटचं विचारायचं कसं यावर मला तुमची आणि छत्रीबाग काकांची मदत लागेल, कारण सरळ विचारलं तर जवळजवळ सगळे नाहीच म्हणतात.

छत्रीबाग

सरळ विचारूच नका. "वाईट वाटलं की घरात कुणाला सांगता?" एवढं विचारून थांबा. पुढचं ते स्वतः सांगतील, आणि न सांगणारे कोण तेही कळेल. उत्तर जसंच्या तसं त्यांच्या शब्दांत लिहा, हो-नाही नंतर ठरवू.

लष्करवासी

चालेल. फक्त हो-नाही ठरवणारा माणूस औषध देणाराच नको, दुसरा हवा. रुग्णांची नावं काढून टाकलेले कागद विद्यार्थ्यांनी मला पाठवावेत, मी ग्वाल्हेरहून मोजतो. आणि गडगडाटाच्या भीतीची नोंद पावसाळ्यात आणि उन्हाळ्यात वेगळी ठेवा.